मुलुंडच्या लिंकमध्ये मराठवाड्याचा पाऊस

घाटकोपर-मुलुंड लिंकचा विषय निघाला की मी सांगायचो, "अँटेनाची दिशा चुकली होती, मग सुधारली." साहेबांना हेच सांगितलं, नव्याने आलेल्यांना शिकवताना उदाहरण म्हणूनही हेच दिलं, आणि घरी बायकोलाही. ते खोटं होतं. इतकी वर्षं मी ते बोलायचं टाळलं, कारण बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग अँटेना लावणाऱ्या त्या माणसाचं काय? तो माणूस गेल्या पावसाळ्यानंतर वारला. त्या लिंकचं खरं काय झालं हे माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

आमची अंधेरीतली कंत्राटी कंपनी मोबाइल टॉवर एकमेकांना जोडून द्यायची. सगळीकडे तार पोचत नसे. मग एका गच्चीवर एक डिश, काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या गच्चीवर तिच्याकडे तोंड करून दुसरी, आणि मधल्या हवेतून रेडिओलहरी. याला आम्ही लिंक म्हणायचो. डिश किती उंचीवर, केवढी, आणि लिंक वर्षातून किती वेळ बंद पडेल, हे बसवण्याआधी कागदावर सांगणं हे माझं काम. आमच्याकडे 'चार नऊ' मागत. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ नऊ टक्के वेळ लिंक चालू, म्हणजे अख्ख्या वर्षात साधारण त्रेपन्न मिनिटं बंद चालेल, जास्त नाही. मुंबईत ही मिनिटं पाऊस खातो. सर दाट झाली की लहर वाटेतच विरते, आणि अंतर लांब असेल तर आणखी विरते. म्हणून गणितात पावसाचा एक रकाना असतो. त्या भागात जोराची सर किती जोराची, तो आकडा तिथे भरायचा.

आता आमची पद्धत सांगतो. नवीन लिंक कोऱ्या फायलीवर कोणीच करत नसे. जुन्या लिंकची फाइल उघडायची, दुसऱ्या नावाने ठेवायची, जागा बदलायच्या, उंची बदलायची, आणि बटण दाबायचं. मुंबईचं काम मिळण्याआधी मी वर्षभर मराठवाड्यात लिंका करत होतो. घाटकोपर-मुलुंड त्यातल्याच एका फायलीवरून केली. जागा बदलल्या, उंची बदलली. पावसाचा रकाना तसाच राहिला, मराठवाड्यातल्या कमी पावसाचा. गणिताने साठ सेंटीमीटरची डिश पुरेल म्हणून सांगितलं आणि मी सही केली. माझ्या हाताखाली सात जण होते. रकाना न् रकाना तपासल्याशिवाय सही करायची नाही, हे त्यांना मीच बजावलं होतं.

डिश बसवणारा माझ्याच वयाचा होता. मालवणकडचा, वडील गिरणीत, हा कांजूरमार्गला वाढलेला. टॉवरवर चढणारी माणसं पुष्कळ होती, पण डिशचं तोंड त्याच्यासारखं कोणी लावत नसे. समोरच्या डिशचा सिग्नल एका जागी जोरात लागतो, पण तिच्या डावी-उजवीकडे दोन खोट्या जागाही असतात, तिथेही मीटर थोडा चढतो. घाईतली माणसं तिथेच बोल्ट आवळतात. हा डिश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, तिन्ही चढ मीटरवर बघायचा, आणि मग मधल्यावर परत यायचा. उन्हात दोन तास लागले तरी.

घाटकोपरच्या गच्चीवर खोका उघडल्यावर तो हसायलाच लागला.

"मेल्या, ही ताटली? मुलुंडपर्यंत?"

"गणितात बसते."

"गणितात बसतली रे. पावसाक तुझो कागद वाचूक येणा नाय."

"तू पाना फिरव. गणित माझं आहे."

"बरं बाबा, तू शिकलेला. झकास लावून देतो तुझी ताटली."

आणि लावली. माझ्या कागदावर सिग्नल उणे एकेचाळीस येईल असं होतं, त्याच्या मीटरवर उणे बेचाळीस आलं. एवढं जवळ क्वचितच येतं. त्याने तो आकडा फॉर्मवर लिहून खाली सही केली, आणि मला कोपर मारून म्हणाला, "एकाचा फरक तुझ्या पेनाचा. माझ्या पान्याचा नाय."

जुलैत लिंक पडायला लागली. साध्या पावसात ठीक, जोराची सर आली की बंद. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, एका दुपारी पाऊण तास. मुलुंडच्या टोकावर डोंगराखालच्या वस्तीचा सगळा फोन त्या एका लिंकवर होता. वर्षाची त्रेपन्न मिनिटं आठवड्याभरात संपली. त्याला तीनदा वर चढवलं, दिशा पुन्हा लाव म्हणून. भिजत चढला, मीटर तोच आला, उतरला. तिसऱ्यांदा मला फोन करून म्हणाला, "अरे, हलला काय असेल तर मी सांगेन ना. तू तुझ्याकडे बघ एकदा."

मी बघितलं. फाइल उघडली आणि रकान्यात तो आकडा दिसला. मुंबईचा आकडा घालून बटण दाबलं. लिंक नापास. डिश दुप्पट मोठी हवी होती. मी फाइल बंद केली आणि जेवायला गेलो. जेवलो देखील, ते मला आठवतं. त्या रविवारी ऑफिसात एकटा येऊन मी मुंबईच्या बाकीच्या सगळ्या फायलींतला पावसाचा आकडा बदलला. त्या लिंका जवळजवळच्या होत्या, त्यामुळे तगल्या होत्या.

दोन दिवसांनी बैठक झाली. साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची? प्लॅनिंगची की बसवणाऱ्यांची?"

तो दाराशी उभा होता, खुर्ची कोणी दिली नव्हती. म्हणाला, "साहेब, मीटर बघा ना. कोरड्या दिवशी या, मी दाखवतो."

"कोरड्या दिवशी तक्रार कोण करतंय रे?" साहेब म्हणाले, आणि दोघं-तिघं हसले. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा."

कोरड्या दिवशी आकडा जुळत असेल तर दिशा बरोबरच असते, हे त्या खोलीत मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्याने भरलेला फॉर्म माझ्याच फोल्डरमध्ये होता. मी म्हणालो, "अलाइनमेंटमध्ये प्रॉब्लेम दिसतोय." माझ्या समोर माझे सातही जण बसले होते.

 तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, रागाने नाही, मी आता पुढे आणखी काहीतरी सांगणार आहे अशा अपेक्षेने.

दुसरी टोळी पाठवली, मोठ्या डिश दिल्या, लिंक टिकली. अहवाल मी लिहिला: दिशा चुकली होती, दुरुस्त केली, खबरदारी म्हणून अँटेनाही मोठा केला. लिंक टिकली म्हणजे पहिल्याचंच काम वाईट होतं, असं सगळ्यांनी धरलं. त्याला आमच्याकडे काम मिळणं बंद झालं. ही लाइन छोटी आहे, दुसऱ्या कंपन्यांतही बातमी पोचली.

महिन्याभराने तो कांदिवलीला माझ्या घरी आला. सोफ्याच्या कडेवर बसला. बायकोने चहा आणला, त्याने कप हातात घेऊन तसाच ठेवला.

"साहेब, एक कागद द्या," म्हणाला. मला साहेब म्हणाला. "तिकडे काय झालं ते झालं. पण माझं काम बरोबर होतं, एवढं दोन ओळीत लिहून द्या. दुसरीकडे दाखवायला."

"बघतो," मी म्हणालो.

"बघा." तो उठला. मी दारापर्यंत गेलो. लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघं लिफ्टच्या दाराकडे बघत उभे राहिलो.

कागद मी दिला नाही. त्याने पुन्हा मागितला नाही. नंतर तो सोसायट्यांच्या गच्चीवर टीव्हीच्या डिश बसवत होता असं ऐकलं. टॉवरवर पट्टा बांधल्याशिवाय पाय न ठेवणारा माणूस, पण त्या कामात पट्टा देतो कोण? एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून तो खाली आला आणि कंबर मोडली. हे कळल्यावरही मी गेलो नाही. मी निवृत्त झालो, गुडघे गेले, आणि आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की आता फार दिवस नाहीत, तेव्हा गेलो.

कांजूरमार्गला त्याच्या खोलीत खिडक्या बंद होत्या. वाऱ्याबरोबर कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो म्हणून दुपारी लावूनच घेतात, असं त्याची बायको म्हणाली. मला तिने ओळखलं नाही. त्याने ओळखलं.

"अरे, ये ये! अगो, हो माझो इंजिनियर. ह्याच्याच गणितावर मी टॉवर चढायचो." मग माझ्याकडे बघून, "म्हातारा झालास रे, वाट लागली तुझी."

"तुझी काय कमी लागली आहे?"

तो हसला, खोकला, बायकोने पाणी दिलं. ती आत गेल्यावर त्याने माझा हात धरला. त्याला सांगायचं वाक्य मी ट्रेनमध्ये बसून तयार केलं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात तोच बोलला.

"मुलुंडची ती लिंक. मी पडल्या पडल्या लय विचार केला. मधल्या चढावर नसेन रे मी. बाजूच्या खोट्यावरच आवळला असेल बोल्ट. नाहीतर एवढी पडली का असती? तेव्हा तुझा राग आला होता मला. म्हटलं, हा आपला असून बोलत कसा नाय. पण तू तरी काय करणार? चूक माझ्याच हाताची. माफ कर हां."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "जाऊ दे. जुनी गोष्ट."

"तसा नाय. तुझा नाव खराब झाला असता माझ्यापायी."

"जाऊ दे रे," मी पुन्हा म्हणालो. मग चहा आला. आम्ही त्याच्या औषधांबद्दल बोललो, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो. निघताना त्याच्या बायकोने सांगितलं, "परत या, बरं वाटलं त्यांना." मी येतो म्हणालो. तीन आठवड्यांनी तो गेल्याचा फोन आला, तेव्हा वाक्य तसंच्या तसं माझ्याकडे होतं: तू मधल्याच चढावर होतास, तुझा आकडा बरोबर होता, पाऊस मी चुकीचा भरला आणि ते मला बैठकीआधी माहीत होतं, मला माफ कर.