मीनाबाईंची मोठी अक्षरं

शाहूपुरीतल्या डिजिटल बोर्डांच्या, म्हणजे फ्लेक्सच्या, दुकानात कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मीनाबाईंची. कुणाच्या मेहेरबानीवर मिळालेली नव्हे. गल्लीतल्या बायका त्यांना नावं ठेवत होत्या, तेव्हा त्या मराठी टायपिंग शिकल्या. कोल्हापूरच्या चौकाचौकांत जे चेहरे वाऱ्यावर फडफडत हसतात, त्यांतले निम्मे आधी मीनाबाईंच्या स्क्रीनवर हसलेले असतात.

दगा दिला तो डोळ्यांनी. चष्मा बदलला, थेंब घातले, तरी अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. डिझाइन मोठं करून बघता येतं हो, पण आयकॉनखालची नावं कशी मोठी करायची? डिझाइनचं काम मीनाबाईंना तोंडपाठ होतं. कॉम्प्युटरच्या बाकी सेटिंगला हात लावायची मात्र पहिल्यापासून धास्ती.

हे दुखणं त्यांनी एकाच माणसाला सांगितलं. क्रांतीला. क्रांती त्यांच्याच गल्लीतली. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा मीनाबाईंनीच तिला दुकानात आणून प्रिंटच्या मशीनवर लावलं होतं.

“मावशी, मी हाय की,” क्रांती म्हणाली. तिनं काहीतरी खटखट केलं आणि अक्षरं टपोरी झाली, आयकॉन वड्यांएवढे झाले. मीनाबाईंना रडूच आलं. “पर मालकास्नी कळू द्यू नगा,” क्रांती कानाशी लागली. “डोळं अधू झाल्यालं माणूस त्ये ठेवून घ्यायचं न्हाईत.”

मालक राजवर्धन दिवसभर बोर्ड उभारायच्या कामावर बाहेर असायचे. ते गेले की क्रांती अक्षरं मोठी करायची, परतायच्या आत बारीक करून ठेवायची. या पोरीचे उपकार कसे फेडायचे, असं मीनाबाई घरी रोज बोलून दाखवायच्या.

त्या दिवशी मालक सकाळपासून दुकानातच ठिय्या देऊन बसले, कारण कुरुंदवाडचे सयाजीराव बोर्ड न्यायला येणार होते. “आज तसंच चालवा मावशी,” क्रांती पुटपुटली. सयाजीरावांच्या वडलांचा, बाळासोंचा अमृतमहोत्सव होता. आता आमच्या जिल्ह्यात दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी बाळासोलाच लागायचा. मलकापूरच्या एका बाळासोंचं वर्षश्राद्धही त्याच आठवड्यात होतं. मीनाबाईंनी सवयीनं दोन्ही फाइलींना थोडक्यात नावं दिली होती: ‘बाळासो अमृत’ आणि ‘बाळासो स्मृत’.

त्यांनी डोळे बारीक केले, नाक स्क्रीनला टेकवलं, आणि अंदाजानं एक आयकॉन ओढून प्रिंटला लावला. मशीन सुरू झालं. बोर्ड क्रांतीच्या समोर सरसर बाहेर आला. तिनं तो गुंडाळून सयाजीरावांच्या हातात दिला.

त्यांनी दारातच उलगडला. काळी चौकट, समई, ‘बाळासो’ आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

“ओऽ, आमचा म्हातारा सकाळी दोन भाकरी हाणून रानात गेलाय! जित्या माणसाला हार घालताय व्हय?”

फोटो भलत्याचा आहे, हे त्यांना समजावण्यात काही अर्थ नव्हता. मालकांनी हात जोडले, नवा बोर्ड घरपोच करायचं कबूल केलं, तेव्हा कुठं ते गाडीवर बसले.

“मीनाबाई,” राजवर्धन म्हणाले, “तुमाला दिसत न्हाय, हे क्रांतीनं मला कवाच सांगितलंय. मावशी लपवत्यात, मालकास्नी सांगू नगं म्हणत्यात, म्हणाली. मी वाट बघत हुतो, आज सांगतील, उद्या सांगतील. अवो, अक्षरं मोठी करायला माझी काय हरकत हुती?”

त्यांनी वाकून माउसचं उजवं बटण दाबलं, एक आकडा निवडला. स्क्रीनवर अक्षरं टपोरी झाली. एवढंच होतं ते. ज्या उपकारापायी मीनाबाई इतके दिवस दबून राहिल्या, तो बोटाच्या दोन टिचक्यांचा होता, आणि त्याच उपकारानं त्यांना चोर ठरवलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे.

“खुर्ची तुमचीच ऱ्हायली असती,” मालक म्हणाले. आवाजात रागही नव्हता, तेच जास्त लागलं. “पर मला लपवाछपवी चालत न्हाय. उद्यापास्नं हितं क्रांती बसंल. तुमी बोर्डाला दोरी ओवायच्या रिंगा मारा.”

मीनाबाई उठल्या. क्रांती फडकं घेऊन पुसलेलंच मशीन परत पुसत होती.

“क्रांते,” त्या म्हणाल्या, “माझं डोळं गेलं, म्हणून मी चुकले. त्यो बोर्ड तुझ्या म्होरनं गेला. तुझं डोळं तर चांगलं हाईत की गं.”