कुलूप सापडलं नाही

मामा वाकड्या पायांसाठी बूट बनवायचे. कुणाचा एक पाय दोन बोटं आखूड, कुणाची टाच आत वळलेली. मामा माप घेत, कॉम्प्युटरवर तळव्याचा आराखडा काढत आणि मग बूट शिवत. पहिला जोड कधीच नीट बसत नसे. इथे खरवड, तिथे चढव, असं करत सहाव्या-सातव्या खेपेला माणूस म्हणे, "आता टोचत नाही." ते शेवटचे आकडे मामा कॉम्प्युटरमध्ये जपत. एकवीस वर्षांत त्यात चारशेवर माणसं जमली होती.

एका मंगळवारी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

भाची कॉम्प्युटरच्याच कामात होती. तिने हार्ड डिस्क काढून तिची जशीच्या तशी नक्कल घेतली आणि आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन उघडलं.

"म्हणजे काय गं?"

"याच्या पोटात तुझा जुना कॉम्प्युटर चालवायचा. त्याला वाटतं, आपण अजून तुझ्याच टेबलावर आहोत."

"बिचारा," मामा म्हणाले.

जुना निळा पडदा उजळला. मामीचा बागेतला फोटोही जागच्या जागी होता. मामांच्या जिवात जीव आला. त्यांनी आराखड्यांचा प्रोग्रॅम उघडला, तर चौकट आली: कुलूप सापडलं नाही.

मामांनी बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या मागून अंगठ्याएवढा प्लग उपसून आणला. "हेच ते कुलूप. हे लावलं तरच प्रोग्रॅम चालतो. हरवू नका म्हणून विकणाऱ्याने बजावलं होतं. मी नाही हरवलं."

तो प्लग जुने प्रिंटर जोडायच्या खोबणीत बसणारा. लॅपटॉपला तशी खोबणीच नव्हती. भाचीने दोन तऱ्हेचे अडॅप्टर मागवले, तीन रविवार खपली, पण चौकट काही हटेना. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तिचा फोन आता एका दातांच्या दवाखान्यात वाजत होता. शेवटी भाचीने हात टेकले.

"फायली सगळ्या आहेत, मामा. ही बघ नावं. पण त्या प्रोग्रॅमशिवाय आतलं वाचता येत नाही."

मामा चष्मा लावून नावंच वाचत बसले.

त्याच आठवड्यात चित्रकलेच्या बाई आल्या. बारा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. "तळ गेलाय. मागच्यासारखेच करा."

"मागचं माझ्याकडे राहिलं नाही, बाई."

"मग या जुन्या बुटांवरून?"

"ते झिजलेत. त्यात तुमचं चालणं उतरलंय, माप नाही."

त्यांनी कागद अंथरला आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवली. हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता. पहिला जोड टोचला. दुसराही, तिसराही. चौथ्या खेपेला बाई दुकानात दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, "बरे आहेत," आणि निघाल्या.

मामा दारात उभे राहिले. बाई डावं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत होत्या, जपून, एकेक. हाक मारावी असं त्यांच्या ओठांवर आलं. पण बोलावून करणार काय, म्हणून ते तसेच बघत राहिले.