कागद नको म्हटलेले मैदान

निवृत्त झालो तरी सकाळचे फिरणे शाळेवरूनच होते. परवा मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा दिसल्या. खो-खोसाठी आखल्या असतील, असे वाटले. परंतु एक रेषा थेट पाचवीच्या वर्गाच्या पायरीपर्यंत आली होती. तिथे टेप धरून मोजणी करणाऱ्याला विचारले.

"बाजूला व्हा, काका. हितं खाली गाळे, वर फ्लॅट. सातबाऱ्यावर शाळा हायच कुठं?"

मलकापूरच्या बाजूने शहर वाढत आमच्या गावाला भिडले, हे रोज दिसत होते. ते शाळेच्या फाटकाच्या आत येईल, हे मात्र कधी मनात आले नव्हते. मी त्याच पायरीवर बसून राहिलो.

चूक माझी होती; ती क्रमाने सांगतो. ही जमीन गावातल्या एका शेतकऱ्याने जिल्हा परिषदेच्या शाळेला तोंडी दिली. मी मुख्याध्यापक असताना ते स्वतः आले. म्हणाले, "गुरुजी, तलाठ्याकडं जाऊ. शाळेच्या नावावर करून घ्या." मी हात जोडले. "आबा, तुमच्या शब्दावर कागद मागणे म्हणजे तुमचा अपमान." आमच्याकडे दात्याकडून कागद घेणे अविश्वासाचे मानतात. आबांना बरे वाटले, मलाही. तुटक्या बाकापासून पाण्याच्या पिंपापर्यंत सारे काही मी नोंदवहीत लिहीत असे. जमीन तेवढी लिहिली नाही.

तसाच उठून आबांच्या सुनेकडे गेलो. आबा गेले, त्यांचा मुलगाही गेला; सातबाऱ्यावर आता ती आणि तिचा पुण्यातला मुलगा. मुलाने बिल्डरला सही दिली होती. तिची दुसऱ्या दिवशी व्हायची होती.

"आवं गुरुजी, तवा मोठेपणा केलासा, आन् आता घाम पुसताय व्हय?"

"चुकलो, वहिनी."

"पोरं चुकली की काय करायला लावायचा तुमी?"

"पुन्हा लिहायला."

"मग लिवा. मामंजींनी माज्यादेखत जमीन दिली, असं लिवा. मी त्याच्यावर सही करते, बिल्डरच्या कागदावर न्हाई. पर पयल्या ओळीत तुमची चूक लिवा."

आयुष्यात पुष्कळ अर्ज लिहिले. या हरकतीच्या अर्जाची पहिली ओळ मात्र तीनदा खोडून लिहिली. तिने अर्ज दोनदा वाचून घेतला आणि सही केली. तेवढ्यात मुलाचा फोन वाजू लागला. तिने तो उचलला नाही.

अर्ज तहसील कचेरीत दिला. सुनावणी सोमवारी आहे.