बसा की, सोडतो

आबांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला, तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. डावा पाय ओढला जायचा, शब्द तोंडाशी येऊन अडायचे आणि माझे वडील दिवसभर खिडकीशी नुसते बसून राहायचे. ते बसणंच मला छळायचं. आज शब्द गेले, उद्या माणसं आठवणीतून जातील, परवा मीही. मन चिंती ते वैरी न चिंती.

फिजिओथेरपीच्या बाईंनी हळूहळू त्यांना काठीवर उभं केलं आणि मग सांगितलं, रोज संध्याकाळी चालायचं, चालताना दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. पायाबरोबर डोकंही चालायला हवं. "आणि एकट्यानं," माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या. "तुम्ही सोबत असलात की शब्दही तुम्हीच पुरवता."

खरं होतं ते. तरी राग आला.

ठिकाण आबांनीच ठरवलं, दुधाचा कट्टा. तिथं समोर म्हैस पिळून फेसाळता ग्लास हातात देतात. रस्ता सरळ, गल्ली ओळखीची. ते परत येईपर्यंत मी दारात उभी. पण महिना झाला तरी पाय तसाच, शब्द तसेच, आणि आबा मात्र इतक्या लवकर घरी कसे? एके दिवशी मी लपतछपत मागे गेले.

पहिल्याच वळणावर मोटरसायकल थांबली. "काय पावणं, चालत? बसा की, सोडतो!" आबा बसले. येताना दुसरीच गाडी. म्हाताऱ्या माणसाला चालू देणं आमच्या गावाला पाप वाटतं, आणि कुणी आपुलकीनं बसा म्हटल्यावर नाही म्हणणं आबांना जन्मात जमलं नव्हतं. सगळं गाव त्यांना मदत करत होतं आणि पाय वाळत चालला होता. मी भर रस्त्यात त्या गाडीवाल्यावर ओरडले. घरी आल्यावर आबांपुढे रडले. "तुम्ही मला विसरलात तर मी काय करू?"

त्यानंतर ते उशिरा येऊ लागले. शर्ट घामानं भिजलेला असायचा. जेवणही वाढलं. घरचं दूध कट्ट्यापेक्षा पातळ लागतं म्हणून कुरकुर करू लागले, तेव्हा मला बरं वाटलं. धीर मात्र आला नाही. एका संध्याकाळी दिवे लागले तरी त्यांचा पत्ता नाही. पडले असतील, रस्ता चुकले असतील. मी धावत सुटले.

वळणावर ते उभे होते. शेजारी एक स्कूटर.

"अवो बसा की मामा. अंधार पडलाय, पाय दुखत्याल."

आबांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. त्यांच्या वतीनं बोलायला मी तोंड उघडलं आणि कसंबसं मिटलं.

"न्हाय," आबा म्हणाले. मग काठी घट्ट धरून एकेक शब्द ओढत, "चालतच जानार. लेक... लेक भितीया माझी."

स्कूटर गेली. आबा वळले, तेव्हा त्यांना मी दिसले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काठी माझ्या अनवाणी पायांकडे केली.

"चप्पल कुठं हाय तुझी?"