फगव्याचा फ्रॉक

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातली माणसं द्यायला लागली की हात आखडत नाहीत, हे मी छातीठोक सांगतो. दिवाळी आली की देवमनभाऊंच्या ओसरीवर मेळघाटच्या पोरांसाठी कोऱ्या कपड्यांचा, चिवड्याच्या डब्यांचा ढीग लागतो. एकाने तर विजेचे आकाशकंदील दिले होते. ज्या वस्तीत दिवे लागायच्या वेळी हमखास वीज जाते, तिथे! आता बोला.

देवमनभाऊ एसटीत कंडक्टर होते. उभी नोकरी परतवाडा-धारणी गाडीवर गेली, त्यामुळे सेमाडोहकडची कोरकू पोरं त्यांना मामा म्हणतात. निवृत्तीनंतर हे दिवाळीचं काम त्यांनीच काढलं आणि सगळी गल्ली त्यांच्या मागे उभी राहिली.

मागच्या दिवाळीला वाटप झाल्यावर जमुना नावाची चिमुरडी नवा फ्रॉक अंगाशी धरून म्हणाली, "मामा, होळीले येजा. आमचा मोठा सन थो हाये."

भाऊ चाट पडले. कोरकूंची नवी कापडं होळीला लागतात, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! होळीत पोरं रस्त्यावर दोरी आडवी धरून गाडी अडवायची, फगवा मागायची, आणि हेच खिडकीतून चिल्लर द्यायचे. तरी दान मात्र आपल्या सणाला.

"येतो," ते म्हणाले. "सगळ्यायले नवे कपडे आनतो."

फाल्गुनात ते दारोदार फिरले. दिवाळीत सगळ्यात जास्त देणाऱ्या ललिताताई म्हणाल्या, "आत्ताच त देल्लं ना भाऊ, दिवाळीले! अन् होळीत कोन नवे कपडे घालते? रंगात खराब कराले?"

"त्यायच्यात घालतेत, ताई."

"पुढच्या दिवाळीले सांगजा. दुप्पट देऊ."

घरोघरी हेच उत्तर. कुणी वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

शेवटी भाऊंनी पदरमोड करून जमुनापुरता एक लाल फ्रॉक घेतला. एसटीच्या पेन्शनीत तेवढंच बसलं.

वस्तीच्या तोंडाशी पोरं दोरी धरून उभीच होती. अंगावर दिवाळीचेच कपडे, रानात फिरून फाटलेले. मध्ये जमुना. सगळ्यांचे डोळे मामाच्या पिशवीवर. एकच फ्रॉक काढायचा कुणासमोर? गुपचूप जमुनाला द्यावा, तर ती तो घालून याच पोरांत येणार. भाऊंचा हात पिशवीच्या तोंडाशी गेला आणि तिथंच राहिला. खिशातली चिल्लर त्यांनी वाटून टाकली.

"कपडे काहून नाही आनले, मामा?" जमुनाने विचारलं.

"चुकलं बाई माहं," एवढंच त्यांना सुचलं.

पोरांनी तरीही त्यांच्या कपाळाला रंग लावला आणि दोरी खाली केली. परतीच्या गाडीत भाऊ रडले. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला भयंकर राग आला, पण तो काढावा कुणावर, ते काही कळेना.

यंदाच्या दिवाळीत ढिगावर पहिली वस्तू पडली ती भाऊंचीच, तो लाल फ्रॉक. ललिताताईंनी तो उचलून उलटापालटा करून पाहिला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"किती साजरा हाय, भाऊ! कोनाच्या मापाचा घेतला?"

"एका पोरीच्या," भाऊ म्हणाले. "होळीले बरोबर आला असता."