गाणं आकसायचं तेव्हा

“म्हातारो मेलो गो एकदाचो!” काकी स्वयंपाकघरात म्हणाली.

म्हातारो म्हणजे आमचा कोंबडा. तारकर्लीला आमच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या होत्या, आणि उजाडायच्या आत त्या खोल्यांच्या खिडकीखाली जाऊन ओरडणं एवढं एकच काम तो मन लावून करायचा. त्या दुपारी माडाच्या बुंध्याशी मरून पडलेला सापडला.

“आता पावण्यांची झोप मोडूची नाय. आदीच सागोती करूक व्हयी होती.”

“तेची सागोती? शिजाक दोन दिस लागले असते,” आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसले होते. कानावर बिनतारी हेडफोन होता, तरी हे सगळं ऐकू आलं, कारण कानातलं गाणं नेमकं तेव्हाच पुन्हा बिघडून बारीक झालं होतं.

थोड्या वेळाने घरातला फोन वाजला. आईने उचलला आणि एकदम पुस्तकी मराठीत शिरली. “बरे आहेत की! चहा पितायत. का हो?” मग बाबांकडे बघत रिसिव्हर ठेवून काकीला म्हणाली, “जावईबापू. ह्येंची चौकशी करी होते. आवाज कसो, मयतीक इलेल्यासारखो.”

“मनातला कळता तेंका,” काकी आतूनच मला म्हणाली. “नशीब काढलंस गो चेडवा.”

इंग्रजी शाळेत गेल्यापासून माझं वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार व्हायचं, मग मराठीत, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची. पण विचार करायला वेळ लागत नव्हता. ‘म्हातारो मेलो’ हे फक्त आमच्या स्वयंपाकघरात बोललं गेलं होतं. ज्याला मालवणी अर्धवट कळते असा माणूस ते ऐकून काय समजेल? आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मालवणी अर्धवटच कळायची. आईवडील जवळच्या कसालचे, पण तो वाढला मुंबईत आणि नोकरीला होता दुबईत. वैशाखात आमचं लग्न होतं.

लॅपटॉप आणि हेडफोन त्यानेच साखरपुड्याला दिले होते. पाहुणे जेवत असताना पडवीत बसून त्याने सगळं स्वतः लावून दिलं. “तुला काही करावं लागणार नाही,” म्हणाला. तेव्हा मला ते प्रेमळ वाटलं होतं.

हेडफोनची तक्रार मात्र सुरुवातीपासून होती. गाणं छान चालू असायचं, तबला एका बाजूला, सतार दुसऱ्या बाजूला; आणि एकाएकी सगळं आकसून मधोमध यायचं. फोनवर ताटकळत ठेवतात तेव्हा वाजतं तसं पत्र्याचं गाणं. काही वेळाने आपोआप सुधारायचं. मी चार्जिंग करून पाहिलं, लॅपटॉपला चिकटून बसून पाहिलं, फ्रिजपासून टेबल लांब ओढलं.

“खारो वारो,” बाबा म्हणाले. “हय लोखंड टिकत नाय, तुझा ह्या खेळणा काय टिकतला?”

मालवणात बाजारातल्या दुकानदाराने तो त्याच्या कॉम्प्युटरला जोडून पाहिला. तासभर गाणी वाजली, एकदाही बिघडली नाहीत. “हेका काय धाड भरली नाय,” म्हणाला आणि परत दिला.

मी त्याला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, सांगितलं तर त्यानेही दोष हवेलाच दिला. “समुद्राची हवा आहे तुमच्याकडे. दुसरा पाठवतो. तू सेटिंगला हात लावू नकोस हं, सगळं बिघडून बसेल.”

कोंबड्याच्या दिवसानंतर मी सेटिंगला हात लावला.

आवाजाच्या सेटिंगच्या खिडकीत माझा एकच हेडफोन दोन नावांनी दिसत होता: एक स्टिरिओ, एक हँड्स-फ्री. इंटरनेटवर शोधलं तर परदेशातल्या कुणीतरी माझीच तक्रार शब्दशः विचारलेली सापडली. खाली उत्तर होतं. असल्या हेडफोनला चांगला आवाज आणि माइक दोन्ही एका वेळी झेपत नाहीत. माइक उघडला की तो फोनच्या दर्जाचा आवाज देऊ लागतो. तेव्हा तुमचा माइक कोणता प्रोग्रॅम वापरतो आहे ते बघा.

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. गाणी ऐकताना मी कुणाशीच बोलत नव्हते.

रोज संध्याकाळी आम्ही ज्यावरून बोलायचो त्या प्रोग्रॅममध्ये, बऱ्याच आत, एक चौकोन होता: आलेला कॉल आपोआप उचलावा. त्यावर बरोबरची खूण होती. संध्याकाळचा कॉल मी न उचलताच सुरू व्हायचा; हा प्रोग्रॅमच तसा असेल, असं मला वाटत आलं होतं. घंटीचा आवाजही बंद करून ठेवलेला होता. खूण काढून टाकायला कितीसा वेळ लागतो? पण मी काढली नाही. मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि काकी सुंगटं म्हणजे कोळंबी सोलत बसल्या होत्या. गाणं आकसलं. मी तो प्रोग्रॅम उघडला. साखरपुड्यातला त्याचा हसरा फोटो, आणि त्याखाली पळणारे सेकंद. त्याने त्याच्या बाजूचा आवाज बंद केला होता. मी श्वाससुद्धा हळू घेतला. त्याच वेळी दुसरंही लक्षात आलं. मी गाणं ऐकत नसते, हेडफोन कपाटात असतो, तेव्हा लॅपटॉपचा स्वतःचा माइक असतोच. तेव्हा बिघडायला काही नसतं, म्हणून कळत नाही.

मी उठून अंगणात गेले आणि आईला विहिरीवर बोलावलं. तिथे सगळं सांगितलं, हळू आवाजात, जणू माडांनाही कान होते.

आई बादली भरत राहिली. “काळजी आसा म्हणान ऐकता. तुझ्या बापाशीक मी पंचवीस वर्सा सांगतंय, तो कदी ऐकता? हो जावई निदान ऐकता तरी.”

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. “आये, चोरून ऐकता तो.”

“मग सांग तेका, बंद कर म्हणान. तू तोंडच उघडणंस नाय, तर तो तरी काय करतलो?” मग बादली उचलत, “उद्या ह्ये पत्रिका छापूक देतले. हॉलवाल्याक सांगून झाला. उगाच काय काढू नको.”

संध्याकाळी नेहमीच्या वेळी त्याचा कॉल आला. मी कितीतरी वेळ मनात तयार केलेलं वाक्य शेवटी इंग्रजीत विचारलं: कॉल आपोआप उचलायची खूण तू केली आहेस का?

“हो, अगं,” तो सहज म्हणाला. “तुला फोन उचलायला लाज वाटते ना? म्हणून सोय करून ठेवली. पण आपल्या वेळेशिवाय कधी वापरली नाही. देवाशप्पथ.” मग हसून, “काढून टाक हवं तर. तुझाच लॅपटॉप आहे.”

मी “बरं” म्हटलं. कदाचित चूक माझीच असेल, असंही रात्री एकदा वाटलं. सेकंद मोजणारी ती खिडकी मी नीट पाहिली होती ना? खूण तशीच ठेवली.

सकाळी बाबा पत्रिकेचा मजकूर सदऱ्याच्या खिशात ठेवून आंघोळीला गेले. जेवून मालवणला निघणार होते. दुपारी काकी स्वयंपाकघरात लग्नाच्या जेवणाचा हिशेब सांगत होती, वडे किती, सोलकढी किती, आणि आई मध्येच म्हणत होती की मुंबईची माणसं तिखट खात नाहीत. पडवीत बाबा चपला शोधत होते. मी हेडफोन कानावर ठेवला आणि एक गाणं लावलं. ते पहिलं कडवं संपेपर्यंत नीट वाजलं. मग तबला उजव्या कानातून निघून गेला, सतार गेली, आणि सगळं पत्र्यासारखं मधोमध आलं.

मी गाणं बंद करून तो प्रोग्रॅम उघडला; सेकंद पळत होते. वाक्य मनात इंग्रजीत आलं नाही, मराठीतही आलं नाही. ते आमच्या घरातल्या भाषेतच आलं. पडवीत बाबांना आणि चुलीशी आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, लॅपटॉपवरच्या त्या फोटोकडे बघत मी म्हटलं, “माका ह्या लगीन करूचा नाय.”