मोरीसानला एकट्यानं जेवायचं होतं

मोरीसाननं ताटावर दोन्ही पंजे आडवे धरले होते. आमच्या गिरणीच्या चेअरमनच्या, म्हणजे आबांच्या घरच्या काकी रश्श्याचं भांडं हातात घेऊन तशाच थांबल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. मी जपानला जाऊन आलेला माणूस. जपानी पंजाचा अर्थ सांगणं हे माझंच काम. मी म्हटलं, "लाजतोय, वाढा." काकींनी त्याचा एक पंजा आईच्या मायेनं उचलून बाजूला केला आणि वाढलं. मोरीसाननं ते सगळं संपवलं, हात जोडले, मान लववली, बाहेर ओट्यावर आला आणि तुटक इंग्रजीत मला म्हणाला, "जाधवसान, मी उद्या मुंबईला जातो. मग घरी."

मला घाम फुटला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत मी मेंटेनन्स इंजिनिअर होतो. गिरणीनं जपानहून रिंगफ्रेम मागवल्या होत्या. रिंगफ्रेम म्हणजे कापसाच्या पेळूला पीळ देऊन सूत करणारं लांबलचक मशीन. त्यात ओळीनं शेकडो चात्या असतात, सूत गुंडाळत गरगरणाऱ्या उभ्या सळ्या. प्रत्येक चाती तिच्याभोवतीच्या कड्याच्या बरोबर मध्यावर बसली पाहिजे, केसभर सरकली तरी सूत तुटत राहतं. हे बसवायला कंपनीनं मोरी नावाचा माणूस पाठवला होता. तो एकेक चाती हातानं बसवायचा. आटपाडी-वडूजकडची पोरं आम्ही भरती करून ठेवली होती. मोरीसाननं सही करून मशीन ताब्यात दिल्याशिवाय त्यांना काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. गिरणीनं मला ट्रेनिंगला जपानला धाडलं होतं ते याच मशीनसाठी.

आता तो जायला का निघाला? आमच्या पाहुणचारामुळं. रोज संध्याकाळी एका डायरेक्टरच्या घरी जेवण. आपल्याकडं ताट रिकामं झालं की वाढायचं, आणि त्याच्याकडं ताटात टाकायचं नाही, वाढलेलं संपवायचं. आम्ही वाढतोय म्हणून तो संपवतोय, तो संपवतोय म्हणून आम्ही वाढतोय. भोवतीनं सगळं घर बसून त्याच्या तोंडाकडं बघतंय. बिचाऱ्याच्या पोटाचं वाटोळं झालं, झोप गेली, आणि मुख्य म्हणजे हात कापायला लागला. कापऱ्या हातानं चाती बसत नाही.

मी विचारलं, काय पाहिजे तुम्हाला? त्यानं माझ्याच पेनानं सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढलं. एक फळी, एक स्टूल, स्टुलावर पाठमोरा माणूस. मी ओळखलं. इझाकाया!

इझाकाया म्हणजे तिकडचं खाण्यापिण्याचं लहान दुकान. दाराला कंदील, आत लाकडी फळी, फळीला लागून स्टुलं. कामावरून सुटलेला माणूस एकटाच येतो, थोडी घेतो, बशी-दोन बशा काहीबाही खातो आणि घरी जातो. त्याला कुणी काही विचारत नाही. परगावी फिरणाऱ्या माणसाला तर ते माहेरच. गिरणीच्या कँटीनमध्ये मी या विषयावर कित्येक भाषणं ठोकली होती. इझाकाया कसा निवडावा, आत शिरण्याआधी काय बघावं, कुठल्या स्टुलावर बसावं. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची.

खरी गोष्ट अशी की जपानात मी एकदाच एकटा निघालो होतो. तीन इझाकायांपुढं उभा राहिलो. अनोळखी लोकांत एकट्यानं बसून जेवायचं, हे काही जमेना. खोलीवर परत आलो आणि आईनं बांधून दिलेला चिवडा खाल्ला. बाकीच्या वेळी तिकडचे लोक न्यायचे आणि मी शेपटासारखा मागनं जायचो. पण सांगलीत हे कोण तपासायला बसलंय? मी मोरीसानला छाती पुढं काढून सांगितलं, "दोन दिवस थांबा. तुमच्यासाठी इझाकाया शोधतो."

आबांना सांगितलं, मोरीसानला एकट्यानं जेवायचंय. ते म्हणाले, "एकट्यानं जेवायला त्यो काय सुतकात हाय? कुणी कायतरी बोललं आसंल त्याला. नाव सांगा, बघतो." कुणी काही बोललं नाही हे पटवताना माझी जीभ वाळली.

पहिली निवड विश्रामबागेतलं एक बरं हॉटेल. तिथं फॅमिली रूम होती, पडद्याची. मोरीसानला आत बसवलं, पडदा ओढला आणि बाहेर खुर्ची टाकून मी पहाऱ्याला बसलो. यापेक्षा एकटं माणूस कसं असणार? पण सांगलीत पडदा ओढला की माणसाला आत काय चाललंय ते बघावंसंच वाटतं. आधी वेटर डोकावला. मग आचारी हात पुसत आला. मग मालक आपल्या मुलीला घेऊन आला, तिला जपानी माणसाला नमस्कार करायचा होता. शेवटी आमचे एक डायरेक्टर घरनं डबा घेऊन हजर, पाहुणा एकटाच बसलाय असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. डब्यात हिरव्या मिरच्यांचा झणझणीत खर्डा होता. पुढचं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी परमिट रूम. दारूबंदीच्या कायद्यामुळं तेव्हा परमिट असलेल्यालाच तिथं प्यायला मिळायची. उजेड कमी, येणारा-जाणारा मान खाली घालून. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. इथं कुणी कुणाला ओळख दाखवत नाही. मोरीसानला कोपरा दिला आणि पलीकडच्या टेबलावरून लक्ष ठेवलं. त्याचा पहिला ग्लास निम्मा होतोय तोवर एक दांडग्या मिश्यांचे रिटायर सुभेदार उठून त्याच्यापाशी गेले. हे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले होते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मोरीसानला मिठीच मारली. धोतर वर करून पोटरीवरचा गोळीचा वण दाखवला, "ये तुमाराच हाय," असं अभिमानानं सांगितलं आणि शेजारी बसून सगळी लढाई पहिल्यापासून सांगितली, हिंदीत. मोरीसान प्रत्येक वाक्याला मान लववत होता. मध्ये त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. ती नजर आठवली की अजून मला कसंतरी होतं.

सकाळी त्यानं बॅग भरली. आबा मला केबिनमध्ये बोलावून एवढंच म्हणाले, "जाधव, त्येला गाडीत बसवून द्या. आन मशीन तसंच ऱ्हायलं, तर तुमीबी आमच्याकडं परत येऊ नका."

एसटी स्टँडवर गेलो. गाडीला उशीर होता. त्याला बाकावर बसवून मी चौकशीच्या खिडकीपाशी गेलो, परत येतो तर बाकावर नुसती बॅग. मोरीसान गायब. परदेशी पाहुणा हरवला, आता नोकरीचं सोडा, पोलीस मला घेऊन जाणार. स्टँड पालथा घातला. संडासात हाका मारल्या. शेवटी स्टँडच्या मागच्या बोळात एका खानावळीत तो दिसला.

ती खानावळ म्हणजे एक बोळकंडीच. टेबल मावत नाही म्हणून भिंतीला लांब फळी ठोकलेली आणि तिच्यापुढं स्टुलं. तिथं एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर जेवायचे. गाडी सुटायच्या आत उरकायचं, म्हणून बोलणं नाही. तिथली रीत अशी की ताट हातभर पुढं ढकललं म्हणजे जेवण झालं, मग वाढणारी बाई देवालासुद्धा वाढणार नाही. दोन खाकी पाठींच्या मधे मोरीसानची पाठ. समोर चुन्याची भिंत. तो सावकाश भाकरी मोडून पिठल्याबरोबर खात होता आणि ताकाचा पेला असा धरत होता की बघणाऱ्याला ते ताक वाटू नये. अर्धी भाकरी उरली. त्यानं शेजारच्याचं बघून ताट पुढं ढकललं. बाईनं न बघता उचललं. त्यानं डोळे मिटून एवढा मोठा श्वास सोडला की मला भरून आलं.

इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? दारातनंच मागं फिरला असता. मी आत शिरलो, शेजारचं स्टूल ओढलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "बघा, सापडला की नाही इझाकाया? आवडलं? अजून काय सांगू? ताई, पिठलं वाढा हो यांना."

मोरीसानचा चेहरा पुन्हा आबांच्या घरातल्यासारखा झाला. तो माझ्याकडं वळला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "जाधवसान, मी मुंबईला जात नाही. मशीन पूर्ण करतो. इथं रोज जेवतो." मी आनंदानं उठलोच. त्यानं बोट वर केलं. "एक अट. तुम्ही यायचं नाही."

त्या क्षणी मला कळलं, इतके दिवस त्याच्या आणि त्याच्या जेवणाच्या मधे कोण बसलं होतं ते. लाज वाटली, पण नोकरी वाचली होती, त्यामुळं फार वेळ वाटली नाही. आबांना सांगितलं, पाहुणा राहतोय, मात्र कुणी त्याच्या वाटंला जायचं नाही. आबा म्हणाले, "म्हंजे सुतकच की." पण त्यांनी सगळ्या डायरेक्टरांना दम भरला. आठवड्यात मोरीसानचा हात कापायचा थांबला. मशीन सुरू झालं, पोरं कामावर आली, त्यानं सही केली.

जायच्या दिवशी तो मला त्याच खानावळीत घेऊन गेला. मला स्टुलावर बसवलं, बाईला माझ्यासाठी ताट सांगितलं, कमरेत वाकून निरोप घेतला आणि निघून गेला. हीच त्यानं मला दिलेली भेट.

मी भिंतीकडं तोंड करून पहिला घास घेतला. दुसरा घेतला. छान होतं सगळं. शांत. तिसऱ्या घासाला मला राहवेना, मी शेजारच्या ड्रायव्हरला विचारलं, "कुठली गाडी तुमची?" त्यानं तोंडातला घास गिळला, काही न बोलता ताट उचललं आणि पलीकडच्या टोकाला जाऊन बसला.